पाच ग्रेचा शेक आणि हर्पिसचा व्हायरस: हे दोघं एकत्र कसे आले

कॅन्सरच्या गाठीत व्हायरस टोचायचा आणि वर रेडिएशन द्यायचं हे ऐकलं की कालपरवाची आयडिया वाटते, पण दोन्ही वाटा शंभर वर्षांहून जुन्या आहेत, भेटल्या मात्र फार उशिरा. आपण ज्याला शेक म्हणतो ते रेडिएशन (ग्रे हे त्याच्या डोसचं माप), १८९५ ला राँटगेनला एक्स-रे सापडले आणि पुढच्याच वर्षी पेशंटवर वापरून बघणं सुरू झालं. व्हायरसची सुरुवात योगायोगातली. १९०४ मध्ये जॉर्ज डॉक या अमेरिकन डॉक्टरने ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका बाईची केस लिहिली, फ्लूसारखा आजार झाला आणि तिच्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी काही काळ एकदम उतरल्या. मग १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला पेशंटना वेस्ट नाईलसारखे जिवंत व्हायरस टोचले गेले, काहींच्या गाठी लहान झाल्या पण काहींना मेंदूज्वर झाला, आणि ती वाट जवळजवळ बंदच पडली.

ती परत उघडली जीन कापता यायला लागल्यावर. ओठावर फोड आणणारा हर्पिस मेंदूत शिरला तर जीव घेऊ शकतो, पण १९९० मध्ये कळलं की त्यातला गॅमा ३४.५ हा जीन काढला की मेंदूला असलेला धोका खूप कमी होतो. अडचण अशी की असा लंगडा केलेला व्हायरस गाठीतही नीट वाढेना, कारण व्हायरस आत आला की पेशी स्वतःचं प्रोटीन बनवणं थांबवते, आणि ते परत चालू करणारा जीनच आपण काढलेला!

आणि इथेच मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट येते. त्या जीनशी जुळणारा गॅड३४ नावाचा जीन आपल्या पेशीतही असतो आणि रेडिएशनने डीएनए तुटला की तो जागा होतो, म्हणजे व्हायरसमधून काढलेलं काम शेक दिलेली पेशीच करून देईल का? १९९८ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीच्या टीमने उंदरांत वाढवलेल्या माणसाच्या ब्रेन ट्युमरवर बघितलं, तर शेक दिलेल्या गाठीत व्हायरस खरंच जास्त वाढला.

इम्युनिटीचा धागा वेगळा आला. एका जागी शेक दिला आणि दुसरीकडची गाठ लहान झाली, याला १९५३ मध्ये मोल या संशोधकांनी अॅब्स्कोपल हे नाव दिलं, पण त्यामागे टी पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या लढणाऱ्या पेशी, आहेत हे उंदरांत दिसायला २००४ उजाडलं. तोवर व्हायरसकडे नुसता पेशी फोडणारा म्हणून बघायचं कमी झालं होतं, तो इम्युनिटीला जागं करतो हेच मोठं काम ठरलं, आणि २०१५ मध्ये टी-व्हेक हा हर्पिसपासूनच बनवलेला व्हायरस अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झाला.

पुढे अमेरिकेतल्या अलाबामात जी२०७ हा गॅमा ३४.५ काढलेला हर्पिसचाच व्हायरस मुलांच्या ब्रेन ट्युमरमध्ये दिला गेला, रिझल्ट २०२१ ला आले. १२ मुलं, काहींना फक्त व्हायरस, काहींना त्यानंतर २४ तासांच्या आत एकदाच ५ ग्रे शेक. नेहमीचा कोर्स ६० ग्रेच्या आसपास असतो, म्हणजे हा डोस गाठ जाळायला नव्हताच, व्हायरसला हात द्यायला होता. १२ पैकी ११ मुलांत काही ना काही प्रतिसाद दिसला, आणि आधी जवळपास रिकाम्या असलेल्या गाठींत टी पेशी भरून आल्या होत्या. शेकाने नक्की किती भर घातली हे इतक्या थोड्या मुलांवरून ठरवता येत नाही, त्याला मोठ्या ट्रायलच लागतील.