हॉररकोअर

हॉररकोअर हा अमेरिकन हिप-हॉपचा एक उपप्रकार. खून, प्रेते, नरक, सैतान, वेडाचे झटके असा भयपटांतला ऐवज घेऊन रॅप रचणे ही त्याची ढोबळ ओळख. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो आकाराला आला आणि त्याचे पायाभूत अल्बम साधारण १९८९ ते १९९५ या काळात निघाले. भुताखेतांची गाणी रॅपमध्ये त्याआधीही होती. जिमी स्पायसरच्या १९८० सालच्या लांबलचक रेकॉर्डवर ड्रॅक्युला भेटतो. डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स, म्हणजे पुढे नट झालेला विल स्मिथ, यांनी १९८८ साली एका गाजलेल्या भयपटाच्या खलनायकावर गाणे केले. ही गाणी ऐकताना हसू येते. हॉररकोअरमध्ये राक्षस पडद्यावरून उतरत नाही. तो गल्लीतलाच असतो आणि बहुतेक वेळा ‘मी’ म्हणून बोलतो. कथन प्रथमपुरुषी असल्यामुळे ऐकणाऱ्याला बाजूला उभे राहून बघण्याची सोय उरत नाही. या प्रकाराची ताकद त्यातच आहे, आणि त्याच्याविषयीचे बहुतेक वादही तिथूनच सुरू झाले.

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराचा गेटो बॉइज हा गट आणि त्यांचे रॅप-अ-लॉट हे स्थानिक लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, यांच्यापासून इतिहास सांगण्याची रीत आहे. १९८९ च्या त्यांच्या अल्बमवरील ‘माइंड ऑफ अ लुनॅटिक’ हे गाणे इतके हिंसक होते, की त्या अल्बममधली बरीच गाणी घेऊन १९९० साली निघालेला अल्बम वितरित करायला गेफन कंपनीने नकार दिला. आजही ते गाणे ऐकवत नाही. स्त्रीवरच्या अत्याचाराचे त्यातले वर्णन निव्वळ हादरवण्यासाठी आहे, आणि वर्णनामागच्या त्या स्त्रीला माणूस म्हणून कुठेच जागा नाही. हा दोष हॉररकोअरला जन्मापासून चिकटलेला आहे, आणि या संगीतावर प्रेम असणाऱ्यानेही तो झाकू नये.

त्याच गटाने १९९१ साली ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ हे गाणे केले. ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेले. सोल गायक आयझॅक हेजच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणातली संथ, गोड गिटार मागे फिरत राहते. एक माणूस चार भिंतींच्या खोलीत मेणबत्तीकडे बघत बसलेला आहे. त्याला झोप नाही. कोणीतरी पाळतीवर आहे असे त्याला सारखे वाटते. शेवटचे कडवे गटातल्या बुशविक बिलचे. हॅलोविनची रात्र आहे. बिल आणि त्याचे साथीदार एका धिप्पाड माणसाला घेरून मारत सुटतात. मारता मारता तो माणूस नाहीसा होतो. बिल बघतो तर हात रक्ताने माखलेले, आणि तो रस्त्याच्या काँक्रीटवर बुक्क्या मारत असतो. भूत नाही, सैतान नाही, तरी अंगावर काटा येतो. गटातल्या स्कारफेसने आपल्या तरुणपणातल्या नैराश्याबद्दल पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ते कळल्यावर हे गाणे भयकथा उरत नाही, आजाराची कैफियत होते. ज्या अल्बमवर हे गाणे आहे, त्याच्या मुखपृष्ठावर बिल दवाखान्यात स्ट्रेचरवर आहे. गोळी लागून त्याचा डोळा नुकताच गेला होता. त्या छायाचित्राचा आपल्याला त्रास होतो, असे बिल नंतर म्हणाला.

डेट्रॉइटमध्ये हा प्रकार वेगळ्या मातीत उगवला. १९५० साली साडेअठरा लाख लोकवस्तीचे हे मोटारींचे शहर १९९० पर्यंत सव्वादहा लाखांवर आले होते. घरे ओस पडली होती. हॅलोविनच्या आदल्या रात्रीला तिथे ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणतात. १९८४ साली त्या दोन-तीन दिवसांत शहरात आठशेहून जास्त आगी लागल्या. ज्या पोराने लहानपणी खिडकीतून हे पाहिले असेल, त्याला नरकाची कल्पना करायला पुस्तक उघडावे लागत नाही. एशाम हा रॅपर त्याच शहरातला. ‘बूमिन वर्ड्स फ्रॉम हेल’ हा त्याचा पहिला अल्बम १९८९ सालचा, तो टीनएजर असतानाचा, एका दिवसात रेकॉर्ड केलेला. नावातला नरक म्हणजे डेट्रॉइटचे रस्ते, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. भावाबरोबर त्याने रील लाइफ प्रॉडक्शन्स हे लेबल काढले. १९९२ साली ‘जजमेंट डे’ हा दोन भागांतला अल्बम आला. हेवी मेटलच्या रेकॉर्डमधून उचललेली खरखरीत गिटार, ढोबळ ड्रम आणि त्यावर एका पोरसवदा गळ्यातले मृत्यूविषयीचे बोल असे त्याचे रूप आहे. स्वतः एशाम आपल्या संगीताला ‘ॲसिड रॅप’ म्हणतो. हॉररकोअर हे लेबल त्याला बाहेरून चिकटवले गेले.

एशामच्या वाटेने गेलेल्यांत इन्सेन क्लाऊन पोझी ही जोडी सर्वांत मोठी झाली. व्हायोलंट जे आणि शॅगी टू डोप हे दोघे आधी साधा गँगस्टा रॅप, म्हणजे टोळीजीवनावरचा रॅप, करत. नंतर त्यांनी विदूषकाचे रंग तोंडाला फासले आणि ‘डार्क कार्निव्हल’ नावाची एक जत्रा कल्पिली. मेल्यावर प्रत्येकाला या जत्रेत आपला हिशेब द्यावा लागतो. जत्रेची एकेक बाजू म्हणजे एकेक ‘जोकर्स कार्ड’, आणि एकेक कार्ड म्हणजे एकेक अल्बम. पहिले कार्ड ‘कार्निव्हल ऑफ कार्नेज’ १९९२ साली त्यांच्याच सायकोपॅथिक रेकॉर्ड्सने काढले. चौथे ‘द ग्रेट मिलेंको’ २५ जून १९९७ रोजी डिस्नेच्या मालकीच्या हॉलीवूड रेकॉर्ड्सने बाजारात आणले आणि काही तासांत परत घेतले. आयलंड या लेबलने ते पुन्हा काढले आणि अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. समीक्षकांनी या जोडीला कायम हिणवले. त्यांचे चाहते, ज्यांना ‘जगलो’ म्हणतात, बरेचसे गरीब घरांतले, शाळेत आणि गावात बाजूला टाकलेले. २००० सालापासून भरणाऱ्या त्यांच्या मेळाव्यात फेगो या डेट्रॉइटच्या स्वस्त सोड्याच्या बाटल्या गर्दीवर फवारल्या जातात आणि लोक त्यात आनंदाने भिजतात. २०११ साली एफबीआयच्या एका अहवालाने जगलोंची गणना सैल बांधणीच्या टोळ्यांत केली. अंगावर या गटाचे चिन्ह गोंदलेले असले, तरी पोलिसांच्या चौकशीला निमित्त मिळू लागले. त्याविरुद्ध २०१४ साली जोडीने आणि काही चाहत्यांनी एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने खटला भरला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला. कोर्टात त्यांच्या पदरी यश आले नाही. कोणते संगीत ऐकता यावरून माणसाला टोळीवाला ठरवणे अन्यायाचेच होते.

न्यूयॉर्कमध्ये हॉररकोअरचा मुक्काम थोडा होता. १९९४ साली ग्रेव्हडिगाझ या गटाचा ‘सिक्स फीट डीप’ आला. गटातले प्रिन्स पॉल, फ्रुक्वान, पोएटिक आणि वू-टँग क्लॅन या गटाचा आरझेडए हे चौघेही टॉमी बॉय लेबलमधून बाहेर पडलेले, आणि तो कडवटपणा अल्बमभर मुरलेला आहे. आपण खणतो ती मनाने मेलेल्यांची थडगी, त्यांना जागे करण्यासाठी, असा नावाचा अर्थ ते सांगत. त्याच वर्षी डेफ जॅम या मोठ्या लेबलनेही फ्लॅटलाइनर्झ हा गट पुढे आणला. मोठ्या कंपन्यांचा उत्साह मात्र लवकरच ओसरला. दूर पश्चिमेला सॅक्रामेंटोत ब्रदा लिंच हंग या रॅपरने १९९५ साली ‘सीझन ऑफ दा सिकनेस’ काढला. नरमांसभक्षणाची त्यातली वर्णने सहन होणार नाहीत अशी आहेत, पण शब्दांवरची त्याची पकड या प्रकारात फार थोड्यांकडे होती.

अंडरग्राउंड हा शब्द इथे शैलीपुरता नाही, तो व्यवहारातून आला आहे. रेडिओ ही गाणी वाजवत नसे आणि मोठी दुकाने माल ठेवत नसत. मग कॅसेट घरी भरायची आणि ओळखीच्या दुकानात ठेवायची, नाहीतर गाडीच्या डिकीतून विकायची. टेनेसीतल्या मेम्फिस शहरात तर या व्यवहारानेच संगीताचा आवाज घडवला. डीजे पॉल, ज्युसी जे, डीजे स्क्वीकी, टॉमी राइट तिसरा ही मंडळी स्वस्त ड्रम मशीनवर काम करत. एका डेकवरून दुसऱ्या डेकवर कॅसेट उतरवली, की प्रत्येक प्रतीगणिक सूं-सूं वाढते, वरचे सूर बोथट होतात आणि आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा लागतो. भयपटाच्या संगीतातला दोन-चार सुरांचा पियानो, खोल बास, टणटण वाजणारी काउबेल आणि एकच धमकीवजा ओळ मंत्रासारखी पुन्हापुन्हा. थ्री सिक्स माफिया या मेम्फिसच्या गटाचा १९९५ सालचा ‘मिस्टिक स्टाइल्झ’ हा या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम. त्यात गटातला लॉर्ड इन्फेमस शब्द तीन-तीनच्या गटांत, पुटपुटल्यासारखा, वेगाने टाकत जातो. वीस वर्षांनी ट्रॅप या रॅपच्या प्रकारात जिकडेतिकडे ऐकू आलेली तिपेडी लय मेम्फिसच्या या कॅसेटवर आधीच आहे. गँगस्टा बू ही मुलगी त्या पुरुषांच्या गटात टीनएजमध्येच आली. तिच्या कडव्यांत बाई बळी नसते, दरारा तिचाच असतो. एरवी या प्रकारात न मिळणारी गोष्ट तिने एकटीने आणून दाखवली. याच गटाला २००६ साली एका चित्रपटगीतासाठी ऑस्कर मिळाले, तेव्हा फार थोड्यांना त्या जुन्या कॅसेट आठवत होत्या.

नंतरच्या पिढीत लॉस एंजेलिसच्या क्लिपिंग या गटाने २०१९ आणि २०२० साली दोन अल्बम मुद्दाम हॉररकोअरच्या परंपरेत बसवले. त्यात हिंसेचे वर्णन करणारा ‘मी’ जवळजवळ काढून टाकला आहे. दरम्यान रॅपचे बोल फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून वाचून दाखवण्याची प्रथा अमेरिकेत बळावली होती, आणि प्रथमपुरुषी कथन करणारे हॉररकोअरचे रॅपर तिच्या सर्वांत आधी तावडीत सापडण्यासारखे. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून तिला आवर घातला.

मेम्फिसच्या कॅसेट २०१० च्या दशकात इंटरनेटवर चढल्या आणि त्यांतून फोंक हा प्रकार निघाला. रशियातल्या पोरांनी त्याचा वेग वाढवला, काउबेल पुढे आणली आणि जुन्या कॅसेटमधले आवाज कापून त्यावर डकवले. आपल्याकडे जिमच्या आणि गाड्यांच्या रीलमागे दणदणते ते हेच. लॉर्ड इन्फेमस २०१३ साली वारला, त्याच गटातला कूप्स्टा निका २०१५ साली, गँगस्टा बू १ जानेवारी २०२३ रोजी. पुणे-मुंबईचा एखादा पोरगा डंबेल उचलताना ज्या घोगऱ्या ओळीवर ठेका धरतो, ती मेम्फिसच्या एखाद्या खोलीत साध्या कॅसेटवर भरलेली असू शकते.