सत्तर रुपयाची बाटली आणि ऑनलाईन जाहिरात: आमच्याकडं येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आम्ही छोट्या धंद्यांच्या ऑनलाईन जाहिराती करून देतो. आमच्याकडं येणारे बरेच जण घरी माल करणारे आहेत, फिनेल, भांड्याचं लिक्विड, धूप, वाती, पायपुसणी.. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, महिन्याला दोन-अडीच हजाराच्या वर जमणार नाही, तेवढ्यात ऑनलाईन जाहिरात होईल का? होते. पण कशी होते ते आधी बघा म्हणजे नंतर तुमची आमची वादावादी नको.

भांड्याच्या लिक्विडचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्या जाहिराती आम्ही सगळ्यात जास्त केल्यात. समजा अर्ध्या लिटरची बाटली ७० रुपयाला विकताय आणि कच्चा माल, बाटली, झाकण, लेबल जाऊन हातात २५ रुपये राहतात. फेसबुक-इन्स्टावर २००० ची जाहिरात केली की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातनं २३६० गेले. (आधी पैसे भरून ठेवत असाल तर १००० भरले की जाहिरातीला साधारण ८४७ च मिळतात, मग लोक आमच्याकडं संशयानं बघतात, तर ते पैसे आम्ही नाही घेतले.) आता या पैशात ४० नवीन गिऱ्हाईकं आली असं धरा, एक गिऱ्हाईक ५९ रुपयाला पडलं. पहिल्या बाटलीला ३४ रुपये तोटा, दुसरी घेतली तरी ९ रुपये खड्ड्यातच, तिसरी घेतली की कुठं १६ रुपये सुटले. म्हणून आम्हाला लाईक किती आले ते विचारू नका, तिसऱ्यांदा बाटली किती घरांनी घेतली ते विचारा, आणि त्याचा हिशोब मात्र तुम्हालाच वहीत ठेवावा लागेल, तो फेसबुक ठेवत नाही.

मग येतं अंतर. सुरुवातीला आम्हीच एक घोळ केला होता. एका ताईंची जाहिरात सगळ्या महाराष्ट्रात सोडली, नागपूर नांदेडहून ऑर्डरी आल्या, आम्ही खूश, आणि कुरियरचा रेट विचारल्यावर कळलं की बाटलीपेक्षा कुरियरच महाग, वर दोन बाटल्या वाटेत सांडल्या त्या वेगळ्याच. ते नुकसान आम्ही भरून दिलं. तेव्हापासून आमचा नियम, तुमची स्कूटी जाऊन येईल तेवढ्याच भागात जाहिरात. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्यानं सांगली, मिरज, कुपवाड धरावं, बास. नकाशावर पिन टाकून आसपासचे किलोमीटर ठरवता येतात, पण घाईत नुसतं पोस्टखालचं बूस्टचं (पैसे देऊन पोस्ट पसरवायचं) बटण दाबलं आणि भाग बघितलाच नाही तर पैसे कुठल्या कुठं जातात.

वाती, पायपुसणी असा हलका, न सांडणारा माल असेल तर गोष्ट वेगळी. तो मीशोवर टाकता येतो, तिथं २०२१ पासून विक्रेत्याकडनं कमिशन घेत नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरतं ऑनलाईन विकता येतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणीचा नंबर काढावा लागतो.

व्हिडिओ तुमच्या मोबाईलवरच काढा, खिडकीजवळ, दिवसा. स्टुडिओ, मॉडेल काही नको. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त चालतो तो बोअरच्या पाण्याचा व्हिडिओ, कारण क्षाराच्या पाण्यात फेस येत नाही हे दुखणं इथल्या प्रत्येक बाईला माहितीये, तुमच्या लिक्विडला येत असेल तर तेच दाखवा, तळणाची कढई घ्या, वीस सेकंदात संपवा. येत नसेल तर आधी माल सुधारा, जाहिरात नंतर करू.

वेळ म्हणाल तर दिवाळीच्या तोंडावर मोठ्या कंपन्या उतरतात, जाहिरातीची जागा लिलावानं मिळते त्यामुळं तेव्हा आपले दोन हजार लवकर संपतात. आम्ही सांगतो पितृपंधरवडा धरा. त्यात नवीन खरेदी करत नाहीत म्हणतात, पण घटस्थापनेआधी घरोघरी दसरा काढतात, गोधड्या, डबे, भांडी, माळे सगळं बाहेर येतं, मग लिक्विड तेव्हा नाही तर कधी लागणार!

जाहिरातीतनं माणूस थेट व्हॉट्सअपवर आला पाहिजे. व्हॉट्सअप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग भरा, नेहमीची उत्तरं सेव्ह करून ठेवा. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या) एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून डिलिव्हरी देताना नंबर सेव्ह करायला सांगा, बाटलीवर क्यूआर लावा. आणि महिनाभरानं "ताई, बाटली संपत आली असेल, रिकामी आणा, दहा रुपये कमी घेतो" एवढाच मेसेज. रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवली की लोक ब्लॉक करतात, आम्हीही करतो.

गुगलवर बिझनेस प्रोफाईल पण उघडा, तेही फुकटच. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त भाग दाखवता येतो. भाच्या-पुतण्यांकडनं खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका, ओळखू येतात.

लेबलवर एमआरपी, वजन किंवा माप, महिना-साल, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर हे लागतंच. आणि "९९.९ टक्के जंतू मरतात" असं लिहून द्या म्हणून कुणी आग्रह केला तर लॅबचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात १० लाखापर्यंत दंड आहे, सत्तर रुपयाच्या बाटलीला तो कसा परवडेल तुम्हीच सांगा.

आमची फी वेगळी, ती जाहिरातीच्या पैशात मिसळत नाही. जाहिरातीचं खातं तुमच्याच नावावर उघडून देतो, उद्या आमच्याशी पटलं नाही तर पासवर्ड तुमच्याकडंच. येताना मालाचा एक नमुना, लेबल, खर्चाचा कागद आणि आतापर्यंतच्या गिऱ्हाईकांची यादी आणा, वीस-पंचवीस नावं असली तरी चालतील, पहिले मेसेज त्यांनाच टाकू, जाहिरात त्यानंतर.