सुट्ट्या पैशांतली एरर नाणी : तपासायला आणण्याआधी

नाणे विचित्र दिसते म्हणून ते एरर, म्हणजे टांकसाळीतच चूक झालेले नाणे, ठरत नाही. आमच्याकडे तपासायला येणारी बहुतेक नाणी टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलेली आणि नंतर ठेचली, घासली किंवा तापवली गेलेली असतात. म्हणून आम्ही आधी एवढेच पाहतो, की हे टांकसाळीत घडू शकते का आणि कोणत्या पायरीवर. तुम्हालाही ते घरबसल्या बरेचसे ओळखता येईल.

धातूच्या पट्टीतून गोल चकत्या पाडतात, दाब देऊन त्यांची कड उचलतात आणि मग कॉलर नावाच्या कड्यात बसवून दोन साच्यांमध्ये छापतात. चूक याच क्रमात कुठेतरी होते.

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकत्या पाडणारा पंच आधीच्या भोकावर येतो आणि चकतीचा बाकदार तुकडा कमी पडतो. यालाच क्लिप म्हणतात. कानशीने घासूनही असे नाणे करता येते, त्यामुळे तुटलेल्या जागेपेक्षा तिच्या बरोबर समोरची कड पाहा. खऱ्या क्लिपमध्ये ती बहुधा पुसट आणि बसकी असते, कारण एका बाजूला धातूच नसल्यामुळे कड उचलताना समोर दाब मिळालेला नसतो. कानस मारणाऱ्याला तिथली कड जशीच्या तशी सोडावी लागते. आमच्या मते नवख्याने सगळ्यात आधी शिकावी अशी ही खूण आहे.

रेघ दिसली तर भिंगाखाली तिरपा उजेड पाडा. साच्याला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. खोल गेलेली रेघ बहुतेक वेळा नुसता ओरखडा असतो.

दुहेरी अक्षरांनी लोक सर्वात जास्त फसतात. साचाच दुहेरी उमटला असेल, तर दोन्ही अक्षरे गोलसर, उठावदार असतात आणि टोकाशी खाच दिसते. छापताना साचा किंचित हलला, तर अक्षराच्या बाजूला सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होते. हा दुसरा प्रकार भरपूर सापडतो. संग्राहक त्याला वेगळे मोल देत नाहीत.

दोन धातूंच्या नाण्यात गाभा आणि बाहेरचे कडे एकत्रच छापले जातात. दोन्हींवरून जाणारी नक्षी सांध्यावर जुळत नसेल, तर गाभा कोणीतरी काढून फिरवून बसवला आहे, हे नक्की. दोन्हीकडे छापाच असलेली नाणीही जवळजवळ नेहमी जादूच्या प्रयोगांसाठी बनवलेली असतात. कडेच्या आत गोल सांधा शोधा.

खऱ्या चुका मात्र खरोखरच लोकांच्या हातात येतात. ब्रिटनमध्ये 2008 साली 20 पेन्सच्या नाण्याचे डिझाइन बदलले आणि साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला आले. काही नाण्यांसाठी राणीचा जुना साचा नव्या साच्याबरोबर वापरला गेला आणि दोन्हीकडे साल नसलेली नाणी चलनात गेली. अमेरिकेत 2007 च्या वॉशिंग्टन डॉलरचा काठावरचा मजकूर छपाईनंतर वेगळ्या यंत्रावर उमटवत असत. ती पायरी चुकलेली नाणी गुळगुळीत काठानिशी बाहेर पडली. म्हणून चिल्लर चाळताना काठ पाहिल्याशिवाय नाणे बाजूला टाकू नका.

येताना त्याच प्रकारचे एक साधे नाणे सोबत आणा, कारण छापा आणि काटा एकमेकांशी सरळ असावेत की उलटे, हे देशादेशांत बदलते. शक्य असेल तर दोन्हींचे वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून लिहून आणा. चुकीच्या चकतीवर छापलेले नाणे सहसा वजनातच पकडले जाते. नाणे काठाला धरा आणि कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसी पिशवीत कालांतराने हिरवट चिकटा धरतो. पॉलिश, टूथपेस्ट किंवा ब्रश अजिबात लावू नका, कारण आम्हाला ज्या खुणा पाहायच्या असतात त्याच त्याने जातात.