वकिलाकडे ठेवलेला कागद जप्त होत नाही?

"कागद वकिलाकडे ठेवा, पोलिसांना हातही लावता येत नाही," हे कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही, आणि त्यावर विसंबून माणसं अडकतात.

कायदा जपतो तो अशील आणि वकील यांच्यातला संवाद: तुम्ही काय सांगितलंत, त्यांनी काय सल्ला दिला. आधी १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. खाडाखोड केलेलं खरेदीखत वकिलाच्या फायलीत लावलं म्हणून गोपनीय होत नाही. गुन्हा करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्यालाही संरक्षण नाही.

म्हणून पोलिसांना मोकळं रान आहे, असंही नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: वकिलाकडचे कागद हवे असतील तर ते न्यायालयापुढे हजर करायचे. मोबाइल-लॅपटॉपचंही तेच, हरकती ऐकल्यावर, वकील आणि अशील समोर असतानाच तो उघडायचा. त्यातली इतर अशिलांची माहिती झाकलेली राहिली पाहिजे. मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते.

सीए किंवा डॉक्टरकडे ठेवलेल्या कागदांना मात्र हे कलम लागूच होत नाही.