फेस्ताला गेलं की पाप फिटतं?

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त (सण) असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. तेव्हा हमखास ऐकू येतं, ‘कॅथलिक लोक नोव्हेना, मेणबत्त्या, दानधर्म करून तारण (पापातून सुटका) कमावतात, प्रोटेस्टंट फक्त विश्वासावर तरतात.’ पहिला भाग सरळ चुकीचा आहे, दुसरा अर्धवट.

ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, १५४७ साली कॅथलिकांसाठी ठरवलेला पहिलाच नियम सांगतो की देवाच्या कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरत नाही. नववा नियम ‘केवळ विश्वास’ नाकारतो, तोही कृपेशी माणसाचा सहकार लागतो म्हणून. लोक नववा वाचतात, पहिला गाळतात.

प्रोटेस्टंटांचा आधार बायबलमधला प्रेषित पौल: नियमशास्त्रातील कृत्यांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो (रोमकरांस ३:२८). गलतीकरांच्या पत्रात त्याच्यापुढे वाद होता तो ख्रिस्ती होणाऱ्या बिगर-यहुद्यांनी सुंता करावी का याचा, गरिबाला दिलेल्या भाकरीचा नव्हे. उलट बायबलमधलंच याकोबाचं पत्र (२:२४) म्हणतं, केवळ विश्वासाने नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथरही सत्कृत्यं सोडा म्हणाला नाही. ती तारणाचं फळ, किंमत नव्हे, एवढंच त्याचं म्हणणं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तरी सगळे मतभेद मिटले नाहीत.

आता कॅथलिक चर्च देतं ती दंडमाफी (इंडल्जन्स). तीही पापाची क्षमा नव्हे. क्षमा झालेल्या पापाची उरलेली ऐहिक शिक्षा तिने माफ होते. पूर्ण दंडमाफीला नेमलेल्या कृत्याबरोबर कुमसार (पापांची कबुली), कुम्गार (मिस्सेतला पवित्र प्रसाद घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सुटणं लागतं. नुसती रांग लावून काही फिटत नाही.