कोळशाकडून कुणाला काय हवं असतं

दगडी कोळशाचा तुकडा विस्तवावर ठेवला की तो लगेच पेट घेत नाही. आधी त्यातली ओल उडून जाते. तापमान साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसवर गेलं, की त्यातून वायू आणि डांबराच्या वाफा सुटायला लागतात. सुरुवातीची लांब पिवळी ज्वाळा आणि काळा धूर हे त्यांचंच काम. ते संपले की मागे उरतो मुख्यतः कार्बन आणि थोडी राख. हा कार्बन फारशी ज्वाळा न दाखवता लालभडक फुलतो आणि बराच वेळ धग देत राहतो. कोळशाचा वापर समजून घ्यायचा तर हे दोन टप्पे वेगळे ओळखता यायला हवेत.

सगळा कोळसा सारखा नसतो. तपकिरी लिग्नाइटमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे किलोमागे उष्णता साधारण 10 ते 20 मेगाज्यूल (मेगाज्यूल हे उष्णतेचं माप). बिट्युमिनस कोळसा 24 ते 30 देतो. कठीण, चकचकीत अँथ्रासाइट त्याहूनही थोडा सरस असतो आणि त्याचा धूर नगण्य. वाळलेल्या लाकडातून मिळते सुमारे 16 मेगाज्यूल. कमी वजनात जास्त उष्णता साठवणारं हे इंधन घराघरांत आणि कारखान्यांत का शिरलं, ते या आकड्यांतच दिसतं.

घराला हवी असते मंद, टिकणारी धग. पण छोट्या शेगडीत पहिल्याच टप्प्याला घोळ होतो. डांबराच्या वाफा पूर्ण जळायला जेवढं तापमान आणि जेवढी हवा लागते, तेवढी तिथे मिळत नाही. त्या काजळी होऊन बाहेर पडतात. दुसरा टप्पा दिसायला स्वच्छ, पण जास्त घातक. निखाऱ्यांवर अधूनमधून निळसर ज्वाळा नाचते ना, तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड. हवा अपुरी पडली की तो न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नये ते याचसाठी. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत जीवघेणी आहे.

धूर घराबाहेर गेला म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर थंड हवा चार-पाच दिवस अडकून बसली आणि घरोघरच्या कोळशाचा धूर, कारखाने आणि वीजघरांच्या धुरासह, शहरावरच साचला. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे 4,000 माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा 12,000 पर्यंत गेला. 1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

वीजघराची गरज नेमकी उलटी. तिथे कोळसा रेंगाळून चालत नाही. तो चेहऱ्याला लावायच्या पावडरीइतका बारीक दळतात आणि हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फवारतात; एकेक कण दोन-चार सेकंदांच्या आत जळून जातो. त्या उष्णतेची वाफ, वाफेवर टर्बाइन. तरीही शंभर भाग उष्णतेतले वीज होतात साधारण 35 ते 45; बाकीची थंड करायच्या पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाते. सिमेंटची भट्टीही कोळशाच्या भुकटीवर चालते. तिथे राखसुद्धा वाया जात नाही, ती सिमेंटच्या कच्च्या मालातच मिसळून जाते.

माझ्या मते कोळशाचं सगळ्यात विलक्षण काम लोखंडाच्या झोतभट्टीत चालतं. पूर्वी तिथे लाकडी कोळसा वापरत. दगडी कोळसा तसाच टाकला तर त्यातल्या गंधकाने लोखंड ठिसूळ होई. 1709 मध्ये इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने कोक वापरून लोखंड काढलं. कोक म्हणजे हवाबंद भट्टीत हजार-अकराशे अंशांना तापवून, वायू आणि डांबर काढून टाकलेला कोळसा. तो कुठल्याही कोळशाचा होत नाही. तापल्यावर आधी मऊ होऊन फुगणारा आणि मग घट्ट होणारा कोळसाच लागतो. भट्टीचं दार उघडून तयार कोक बाहेर ढकलतात तेव्हा तप्त लाल भिंत कोसळावी तसा तो पडतो, आणि विझवताना वाफेचे लोट उठतात.

झोतभट्टीत हा कोक तीन कामं करतो. तो जळून उष्णता देतो. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड, शेगडीपाशी जीव घेणारा तोच वायू, खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळं करतो. आणि वरच्या थरांचा प्रचंड भार पेलूनही कोक चुरत नाही, त्यामुळे वायूंना वर जायला वाट मिळते.

कोक करताना निघालेलं डांबरही एकेकाळी फार मोलाचं ठरलं. विल्यम पर्किनने 1856 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला.

किलोभर चांगला कोळसा जळाला की दोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून पर्याय शोधायचे, पण सगळीकडे ते सारखे सोपे नाहीत. घरात आणि वीजघरात हवी असते फक्त उष्णता, ती दुसरीकडून आणता येते. झोतभट्टीला मात्र कार्बनच लागतो. खनिजातला ऑक्सिजन हायड्रोजनने काढायची पद्धत आता हाती येते आहे. 2021 मध्ये स्वीडनमध्ये अशा लोखंडाचं पोलाद ग्राहकापर्यंत पोहोचलंही. पण त्यासाठी हायड्रोजन पाण्यातून वेगळा काढावा लागतो आणि त्याला वीज अफाट लागते. ती वीज कोळशाचीच असेल, तर भट्टीतून वाचवलेला कार्बन वीजघराच्या धुराड्यातून बाहेर पडणार.