सुनेच्या फाइलीमागची शंभर वर्षं

तुळशीचं लग्न लागलं की खानदेशात लगीनसराई सुरू होते, आणि गेल्या काही वर्षांत तिच्या पाठोपाठ कागदांची सराईही येते. नवरा मुलगा टोरांटोला, ब्रॅम्प्टनला, नाहीतर कॅल्गरीला. तीन आठवड्यांच्या रजेत साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण उरकून परत गेलेला. सून अमळनेरला सासरी किंवा शहाद्याला माहेरी. दोघांच्या मधे स्पाउस स्पॉन्सरशिपची, म्हणजे नवऱ्याने बायकोला कायमचं कॅनडात बोलावून घेण्याच्या अर्जाची, फाइल. गल्लीत ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, ‘उना का व्हिसा?’, आला का व्हिसा? घरच्यांचं उत्तर ठरलेलं: कागद गेले आहेत, वाट बघतोय.

वाट बघणाऱ्याला वाटतं, तिकडचे साहेब झोपलेत. तसं असतंही कधीकधी. पण फाइलीत जे विचारलं जातं ते कुणा एका साहेबाने सुचेल तसं लिहिलेलं नाही. कॅनडाने हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, माणसाच्या बायकोला आधी येऊच दिलं नाही, मग मोजून येऊ दिलं, आणि दार मोकळं झाल्यावर ही खरोखर बायको आहे का, हे विचारायला सुरुवात केली. त्याच काळात आपल्याकडे लग्न, जन्म आणि नाव या तिन्ही गोष्टी कागदापेक्षा माणसांच्या भरवशावर चालत राहिल्या. हे दोन इतिहास एका टेबलावर भेटतात तिथे फाइल अडते.

खानदेशाला घर सोडणं नवं नाही. तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरत गाठलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते. तिथे बायकोला न्यायला रेल्वेचं तिकीट पुरतं. परदेश आला तो उशिरा, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि पुण्याच्या आयटी कंपन्यांतून. त्यामुळे कॅनडाच्या कायद्याचा जुना, कडू भाग खानदेशाने भोगलेला नाही. तो पंजाबने भोगला. नियम मात्र त्यातूनच घडत गेले.

१९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार हिंदी माणसं ब्रिटिश कोलंबियात लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर पोहोचली. बहुतेक शीख, आणि जवळजवळ सगळे पुरुष. १९०८ साली कॅनडाने नियम काढला की येणाऱ्याने आपल्या देशातून थेट, कुठेही न थांबता, तिथूनच काढलेल्या तिकिटावर यायला हवं. नियमात हिंदुस्थानचं नाव नव्हतं. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोटीची सोयच नव्हती, म्हणजे नाव घालायची गरजही नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्याकडे २०० डॉलर असायला हवेत अशी अट आली. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभी राहिली आणि बहुतेकांना घेऊन परत फिरली. ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. याच नियमाने आधीच कॅनडात राहणाऱ्या माणसांच्या बायकाही अडवल्या होत्या, याचा उल्लेख फारसा होत नाही. भाग सिंग आणि बलवंत सिंग हे व्हँकुव्हरच्या शीख समाजातले पुढारी १९१२ च्या सुरुवातीला आपापल्या कुटुंबांना घेऊन उतरले, तेव्हा नवऱ्यांना आत घेतलं आणि बायका-मुलांना परत पाठवायचा हुकूम निघाला. पुष्कळ ओरड झाल्यावर त्यांना राहू दिलं, ते ‘मेहेरबानी म्हणून’, आणि याचा दाखला पुढे कुणी देऊ नये अशी तळटीप जोडून.

मग पहिलं महायुद्ध झालं. हिंदी सैनिक ब्रिटिश साम्राज्यासाठी लढत असताना त्यांच्याच भाऊबंदांच्या बायका अडवायच्या हे लंडनलाही अवघड वाटू लागलं. १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला की वसाहतींत स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला आपली बायको आणि अल्पवयीन मुलं आणता यावीत. त्याला दोन अटी होत्या. बायको एकच. आणि ही त्याची कायदेशीर बायको आहे, हे हिंदुस्थान सरकारने प्रमाणित केलेलं असावं.

माझ्या मते आजच्या फाइलीची सुरुवात या दुसऱ्या अटीत आहे. कॅनडाने १९१९ मध्ये बायका-मुलांना परवानगी दिली, तरी पुढची काही वर्षं हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच बायका पोहोचल्या. कारण खेड्यात गुरुद्वाऱ्यात नाहीतर मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कोणी द्यायचा, कशाच्या आधारावर, याची इकडे काही व्यवस्थाच नव्हती. परवानगी मिळाली तरी कागद नाही, म्हणून बाई घरी. शंभर वर्षांनी शिरपूरची एखादी सून ग्रामपंचायतीत खेटे घालते तेव्हा तिची अडचण तीच असते.

पुढचं भराभर सांगता येईल. १९५१ मध्ये कॅनडाने भारतासाठी वर्षाला १५० जणांचा कोटा ठरवला, काही वर्षांनी तो ३०० केला. १९६२ च्या नियमांनी वंशावरून होणारी निवड बहुतांशी संपवली, १९६७ मध्ये शिक्षण, वय, कौशल्य यांना गुण देऊन माणूस निवडण्याची पद्धत आली, आणि १९७६ च्या कायद्याने ‘फॅमिली क्लास’ हा कुटुंबीयांसाठीचा वेगळा वर्ग पक्का केला. आजचा कायदा २००२ पासून लागू आहे. त्याच वेळी जोडीदाराच्या खर्चाची लेखी हमी दहा वर्षांवरून तीन वर्षांवर आली. म्हणजे सून तिथे पोहोचून कायम रहिवासी झाल्यावर तीन वर्षांत तिने सरकारी आर्थिक मदत घेतली, तर ती रक्कम नवऱ्याकडून वसूल होऊ शकते. सासरे मंडळी या कागदाला घाबरतात आणि ‘पगार किती दाखवायचा’ असं विचारतात. क्विबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत, पण एरवी जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नसते. स्पॉन्सर स्वतः सरकारी मदतीवर जगत नसावा एवढं बघतात. अपंगत्वामुळे मदत घेणाऱ्याला यातही सूट आहे.

उत्पन्नाचा हट्ट ब्रिटनचा. तिथे २०१२ पासून जोडीदाराला बोलवायला वर्षाला १८,६०० पौंड कमाई लागत असे, एप्रिल २०२४ मध्ये ती अट २९,००० वर गेली. ब्रिटनचा जुना हिशोब तर याहून वाईट. १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी झाल्याचं उघड झालं. पुढे १९९७ पर्यंत ‘लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता’ हे जोडप्यानेच सिद्ध करायचं असा नियम होता. अमेरिकेने १९८६ मध्ये नव्या लग्नावरच्या ग्रीन कार्डाला दोन वर्षांची मुदत घातली.

कॅनडानेही हा संशय उचलला, जरा उशिरा. लग्न खरं नाही, किंवा ते मुख्यतः कॅनडात शिरण्यासाठी केलं, या दोन गोष्टी पूर्वी एकत्र दिसल्या तर अर्ज नाकारला जाई. ३० सप्टेंबर २०१० पासून दोहोंपैकी एक पुरते. फरक बारीक वाटतो, पण त्याने खूप काही बदललं. जोडपं पाच वर्षं सुखाने नांदत असलं, तरी लग्नाच्या दिवशीचा हेतू परदेशाचा होता असं अधिकाऱ्याला वाटलं की संपलं. मग २०१२ च्या ऑक्टोबरात, नात्याला दोन वर्षं झालेली नसतील आणि मूल नसेल तर पोहोचल्यावर दोन वर्षं एकत्र राहण्याची सक्ती आली. मारझोड सोसणाऱ्या बाईच्या गळ्यात ही अट फास ठरते, असं महिला संघटना सांगत राहिल्या. अट एप्रिल २०१७ मध्ये गेली. २०१५ पासून फोनवर, इंटरनेटवर किंवा नवऱ्याच्या गैरहजेरीत लागलेलं लग्न चालत नाही. कोविडच्या काळात व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकायचं कुणाकुणाच्या मनात आलं असेल, पण ज्याने तसं लग्न लावलं असेल त्याच्या फाइलीला या नियमाने पायच उरत नाही.

आता हाच संशय खानदेशातल्या लग्नाला लावून बघा.

कॅनडाच्या अर्जात आयएमएम ५५३२ या क्रमांकाचा नात्याच्या माहितीचा फॉर्म आहे. तुम्ही पहिल्यांदा कधी, कुठे भेटलात? कोणी ओळख करून दिली? लग्नाला कोण कोण होतं? लग्नानंतर कुठे फिरायला गेलात? यावर प्रामाणिक उत्तर असं: मामांनी स्थळ आणलं, बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, दोन महिने फोनवर बोलणं झालं, प्रत्यक्ष भेट बघण्याच्या कार्यक्रमात चहा-पोह्यांवर, आणि अठराव्या दिवशी लग्न, कारण रजा तेवढीच. इथल्या कुणालाही यात घाई दिसणार नाही. ओटाव्यात बसून वाचणाऱ्याला दिसू शकते. फोटोंचंही तसंच. आपल्या अल्बमात नवरा-नवरी स्टेजवर ताठ उभे, आहेराचं पाकीट देणारे पाहुणे रांगेत. हजार पान उठलेलं, पण दोघांचा साधा, एकत्र बसलेला फोटो शोधावा लागतो. फाइलीत फोटो घालायचे जेमतेम वीस. सुदैवाने ठरवून केलेल्या लग्नाला कॅनडाचा कायदा नाव ठेवत नाही, आणि अनुभवी अधिकाऱ्याला ही पद्धत माहीत असते. म्हणून ‘आमचं लव्ह मॅरेज’ अशी गोष्ट रचण्याचा जो सल्ला एजंट देतात तो निव्वळ घातक आहे. खोटी माहिती पकडली तर पाच वर्षं दार बंद. उलट लग्नपत्रिका, तिच्यावर खालपासून वरपर्यंत छापलेली काका-मामांची नावं, हॉलची पावती, सोनाराचं बिल यांना चांगलं वजन असतं. पत्रिका मराठीत, तेव्हा भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं.

लग्नाच्या दाखल्याकडे वळलं की इकडचा इतिहास सुरू होतो. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीची सोय दिली, पण नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही असंही सांगितलं. सप्तपदी झाली की लग्न पूर्ण. महाराष्ट्राने १९९८ मध्ये नवा कायदा केला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना बजावलं. खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे. वधू-वर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्यांचा अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा. पण नवरा मुलगा एकविसाव्या दिवशी विमानात बसलेला असतो, आणि भटजी लगीनसराईत एका दिवसात तीन गावं करत असतात. लग्नाच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकाला गाठून ठेवणारा मामा हा या सगळ्यातला खरा उपयोगाचा माणूस.

जन्माचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळे सुनेचा जन्म नोंदलेला असतो तिच्या आजोळी, कदाचित दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याआधी जन्मलेल्या मुलीच्या कागदावर जिल्हा एक आणि आजच्या पत्त्यावर दुसरा. नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जूनमधली एखादी तारीख, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी वय बसवलेलं.

नावाचं तर विचारू नका. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात तांदळात बोट फिरवून नवं नाव, मग नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पदवी एका नावाची, आधार दुसऱ्या, पासपोर्ट पहिल्याच. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की परदेशी जाणाऱ्या सुनेने फाइल पूर्ण होईपर्यंत पासपोर्टावरचं नाव सोडू नये. सासूबाईंना हौस असेल तर घरात काय हवी ती हाक मारावी.

एवढं जमलं की अर्ज ऑनलाइन जातो. सप्टेंबर २०२२ पासून कागदी गठ्ठा पाठवायची गरज उरली नाही. बोटांचे ठसे, मान्यताप्राप्त डॉक्टरकडे तपासणी आणि पोलिसांचा दाखला हे पुढचे टप्पे. पोलिसांच्या दाखल्यासाठी टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रावर अर्ज करायची सोय २८ सप्टेंबर २०२२ पासून झाली, ही खानदेशासारख्या भागाला मोठीच मोकळीक. वैद्यकीय तपासणीचा निकाल एक वर्षच ग्राह्य असतो. फाइल रेंगाळली तर पुन्हा करावी लागते. बारा महिन्यांत निकाल देऊ असा शब्द कॅनडाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. तो पाळला जाईलच असं धरून सुनेने नोकरी सोडू नये.

मधल्या काळात दोन देशांचं भांडणही या फाइलीवर आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाने भारतातून ४१ राजनैतिक अधिकारी परत नेले, आणि इमिग्रेशन खात्याची इथली माणसं २७ वरून ५ वर आली. बरंचसं काम आधीपासून बाहेरच्या कार्यालयांत होत असल्यामुळे फाइली थांबल्या नाहीत, पण वेग मंदावणार हे खात्यानेच सांगितलं होतं.

आणखी एक गफलत गावात सतत ऐकू येते. मुलगा शिकायला किंवा वर्क परमिटवर गेला असेल तर त्याला स्पॉन्सर करता येत नाही. तो आधी कायम रहिवासी किंवा नागरिक व्हावा लागतो. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट ही वेगळी वाट, आणि ती मार्च २०२४ पासून बरीच अरुंद झाली आहे. ज्यांची स्पॉन्सरशिप खरोखर चालू आहे त्यांच्यासाठी मे २०२३ मध्ये एक चांगला बदल जाहीर झाला: अशा जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज लवकर निकाली काढायचे आणि तिथे पोहोचल्यावर त्यांना कामाचा परवाना मागता यावा. फाइल लागलेली असताना व्हिजिटर व्हिसा मागितला तर मूळ अर्ज बिघडतो, हा समज चुकीचा आहे. कायदा दोन्ही हेतू एकत्र मान्य करतो, फक्त मुदत संपल्यावर परत येईन हे पटवून द्यावं लागतं.